कमरेच्या मणक्यातला पू: खान्देशातल्या एका शेतकऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या केळीच्या पट्ट्यातला हा शेतकरी. वय साठीच्या जवळपास. चार एकर केळी, थोडा कापूस, गोठ्यात दोन म्हशी आणि काही शेळ्या. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही, घरचे काही तपशीलही बदलले आहेत. वॉर्डात सगळे त्यांना आप्पा म्हणत, इथेही तसंच म्हणतो.

आप्पांना दहा वर्षांपासून मधुमेह. गोळ्या चालू होत्या, पण कापणीच्या धावपळीत आठ-आठ दिवस चुकायच्या. पाच वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला होता आणि तेव्हापासून हृदयाचं पंपिंग ३५ ते ४० टक्क्यांवर होतं. फेब्रुवारीत पाठीवर मोठं गळू झालं. ते गावातच फोडलं, पाच दिवस अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या, जखम सुकली. मार्च संपता संपता कंबर दुखायला लागली.

खांद्यावरून केळीचे घड वाहिलेल्या माणसाची कंबर दुखली तर आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. एक्स-रे काढला, 'मणक्यात गॅप कमी झालाय, गादी झिजलीय' असं सांगितलं गेलं. मग वेदनाशामक इंजेक्शनं, कमरेचा पट्टा, मालिश, आणि शेवटी स्टिरॉइडचा एक कोर्स. स्टिरॉइडने चार दिवस चांगलं वाटलं आणि साखर चारशेच्या वर गेली. मधल्या काळात दोनदा वेगवेगळी अँटिबायोटिक्स मिळाली, कारण संध्याकाळी अंगात कणकण असायची. सात आठवडे असेच गेले.

आमच्याकडे जळगावला आले तेव्हा मे महिना होता. मुलाने गाडीची मागची सीट आडवी करून त्यांना झोपवून आणलं होतं. कमरेखाली उशी, दोन्ही हातांनी वरचं हँडल धरलेलं. मी विचारलं, दिवसा जास्त दुखतं की रात्री? आप्पा म्हणाले, "माले रातले झोपच लागत नही." गादी सरकलेल्या माणसाला आडवं झालं की बहुतेक वेळा बरं वाटतं. आप्पांना आडवं झाल्यावरही आराम नव्हता आणि कूस बदलताना ते ओरडत होते. सात आठवड्यांत वजन सहा किलो उतरलं होतं.

तपासणीत काय दिसलं

मणक्यांवर बोटाने हलकं ठोकलं तरी चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी कळ येत होती. कमरेचे स्नायू लाकडासारखे ताठ. पायांची ताकद पूर्ण, लघवी-शौचावर ताबा व्यवस्थित. ताप १००.२. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो: मणक्याच्या जंतुसंसर्गात ताप साधारण निम्म्याच रुग्णांना असतो. 'ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही' या समजुतीने अनेकांचे महिने वाया जातात.

शरीरातला दाह दाखवणाऱ्या दोन रक्तचाचण्या फार वर होत्या: सीआरपी १४८, ईएसआर ९६. गेल्या तीन महिन्यांची साखर सांगणारा एचबीए१सी १०.६, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.५, हिमोग्लोबिन ९.८. आधीच्या एक्स-रेमध्ये दोन मणक्यांमधली जागा कमी दिसत होती, आणि ती वयोमानाची झीज म्हणून सोडून दिली गेली होती. खरं तर एक्स-रेमध्ये हाडाचा बदल दिसायलाच दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे सुरुवातीचा एक्स-रे 'चांगला' असला तरी त्यावर विसंबता येत नाही.

एमआरआयने चित्र स्पष्ट केलं. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधल्या गादीत पू, दोन्ही मणक्यांच्या गादीला लागून असलेल्या कडा कुरतडलेल्या, गादीच्या मागे मज्जारज्जूच्या पिशवीला टेकलेला पुवाचा छोटा साठा, आणि डाव्या सोआस स्नायूत (कण्याच्या बाजूने मांडीकडे उतरणारा स्नायू) सूज व तिच्यात पुवाचे एक-दीड सेंटिमीटरचे दोन-तीन कप्पे. मणके घसरलेले नव्हते, मागचे सांधे शाबूत होते, हाडाची हानी मणक्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून कमी होती. पुढच्या सगळ्या निर्णयांमध्ये या शेवटच्या वाक्यातल्या तीन गोष्टींना फार वजन होतं.

पहिला निर्णय: टीबी धरून एकेटी (टीबीची औषधं) चालू करायची का?

आप्पांसोबत आलेल्या चिठ्ठीत 'कॉक्स स्पाइन' लिहिलेलं होतं, म्हणजे मणक्याचा टीबी. तो अंदाज अनाठायी नव्हता. आपल्या देशात मणक्याच्या संसर्गाचं सर्वांत मोठं कारण टीबीच आहे, आणि पर्सिव्हल पॉटने १७७९ मध्ये वर्णन केलेला हा आजार आजही आमच्या बाह्यरुग्ण विभागात नेमाने दिसतो. घरच्यांचं म्हणणं सरळ होतं: टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपयेही मिळतात, मग चालू करायला काय हरकत आहे? महिनाभरात फरक पडला तर टीबी, नाही पडला तर पुढचं पाहू.

ही वाट मोहात पाडणारी आहे, आणि मी तिच्या ठाम विरोधात आहे. मणक्याच्या टीबीचा उपचार किमान बारा महिन्यांचा. चार औषधांपैकी तीन यकृतावर ताण आणणारी. त्याहून मोठी अडचण म्हणजे रिफाम्पिसिन हे औषध पू करणाऱ्या स्टॅफिलोकोकसवरही काम करतं. चुकीच्या रुग्णाला एकेटी दिली तरी पहिले काही दिवस ताप उतरतो, भूक लागते, सगळ्यांना वाटतं निदान बरोबर होतं. मग जंतू रिफाम्पिसिनला दाद देईनासा होतो आणि तोवर मणका खचलेला असतो. याच्या उलटही घडतं: लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक 'इन्फेक्शनसाठी' म्हणून दिलं की टीबी काही दिवस दबतो आणि निदान आणखी लांबतं.

आप्पांच्या एमआरआयमध्ये पू करणाऱ्या जंतूकडे बोट दाखवणाऱ्या खुणा होत्या. गादी लवकर आणि पूर्ण खराब झालेली, सीआरपी फार वर, फेब्रुवारीतलं गळू. टीबीमध्ये गादी बरेच दिवस तग धरते, पू मणक्यांच्या समोरच्या पट्ट्याखालून वरखाली पसरतो, गळवाची भिंत पातळ आणि गुळगुळीत असते. पण या खुणा एकमेकांत इतक्या मिसळतात की नुसत्या एमआरआयवर वर्षभराचं औषध ठरवायला मी तयार होणार नाही.

तिसरी शक्यता होती ब्रुसेला, जनावरांतून माणसाला लागणारा जंतू. गोठ्यात जनावरं आहेत, शेळी व्यायला आली की आप्पा स्वतः हात लावतात, धारोष्ण दूध पिण्याची सवय लहानपणापासूनची. हा जंतू कमरेच्या मणक्यालाच जास्त धरतो आणि टीबीसारखा हळूहळू वाढतो. विचारलं नाही तर कुणी आपणहून सांगत नाही. आम्ही रक्ताची ब्रुसेला अ‍ॅग्लुटिनेशन चाचणी पाठवली आणि प्रयोगशाळेला तशी आगाऊ सूचना दिली, कारण हा जंतू कल्चर (नमुन्यातून वाढवलेले जंतू) हाताळणाऱ्या माणसालाही लागू शकतो. चाचणी निगेटिव्ह आली.

दुसरा निर्णय: अँटिबायोटिक थांबवून ठेवायचं का?

जंतूचं नाव माहीत नसताना अँटिबायोटिक चालू केलं तर कल्चरमध्ये जंतू वाढण्याची शक्यता घटते. अमेरिकेतल्या संसर्गजन्य रोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही हेच आहे: रुग्ण स्थिर असेल, पायांत कमजोरी नसेल, रक्तात संसर्ग पसरल्याची लक्षणं नसतील, तर आधी नमुना घ्या, मग औषध.

आप्पा स्थिर होते, पण मज्जारज्जूच्या पिशवीला टेकून पू होता. इथे डॉक्टरांमध्ये खरा मतभेद असतो, आमच्यातही झाला. आमच्या फिजिशियनचं मत होतं की एवढा पू दिसत असताना वाट पाहू नये. मी म्हणालो, दोन दिवस थांबू, पण दर चार तासांनी पायाची ताकद तपासून लिहायची, आणि कमजोरी दिसली की त्या क्षणी निर्णय बदलायचा. सिस्टरना आम्ही नेमकं दाखवलं: पायाचा अंगठा वर उचलायला सांगा, त्यावर आपल्या बोटाने दाब द्या, दोन्ही बाजू ताडून पाहा, लघवी झाली का ते विचारा.

वेगवेगळ्या शिरांतून रक्ताच्या कल्चरचे तीन संच घेतले. दुसऱ्या दिवशी सीटीच्या मार्गदर्शनाखाली सुईने बायोप्सी केली. सुईतून जेमतेम काही तुकडे आले. अहवाल: तीव्र दाह, टीबीच्या गाठी नाहीत, सीबीनॅटमध्ये (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) टीबी नाही, कल्चरमध्ये तोवर वाढ नाही. हे अनपेक्षित नव्हतं. सुईच्या बायोप्सीत जंतू सापडण्याचं प्रमाण तसंही साधारण निम्म्याच्या आसपास असतं, आणि आधी अँटिबायोटिकच्या गोळ्या पोटात गेल्या असतील तर ते आणखी खाली येतं.

तिसऱ्या रात्री सिस्टरने फोन केला. डावा अंगठा दाबाला टिकत नव्हता.

समोर असलेले पर्याय

आता नुसतं थांबणं शक्य नव्हतं. अंगठा उचलणारी नस चौथ्या-पाचव्या मणक्याच्या गादीमागूनच खाली जाते, आणि तिच्यावर पुवाचा दाब वाढत होता. हीच कमजोरी वाढली तर पाऊल लोंबकळायला लागतं.

एक मार्ग होता अंदाजाने भारी अँटिबायोटिक्स देऊन बिछान्यात झोपवून ठेवण्याचा. कमजोरी नसती तर हाच पहिला मार्ग. मणक्याच्या संसर्गाचे बरेच रुग्ण ऑपरेशनशिवाय, औषध आणि पट्ट्यावर बरे होतात, हे मी प्रत्येक नातेवाइकाला सांगतो. दुसरा मार्ग पुन्हा सुई घालण्याचा. त्याने कदाचित जंतू कळला असता, पण नसेवरचा दाब हलला नसता. सोआसमधला पू नळी टाकून काढण्याइतका मोठा नव्हता, म्हणून तोही मार्ग बंद.

मोठं ऑपरेशन म्हणजे पोटाच्या बाजूने किंवा पाठीमागून पूर्ण उघडून गादी साफ करणं, हाड भरणं आणि स्क्रू-रॉड बसवणं. मणका खचलेला असता, बाक आला असता, लघवी अडकली असती तर मी हेच सुचवलं असतं आणि त्यात मागेपुढे पाहिलं नसतं. पण ३५ टक्के पंपिंग, दहाच्या वरचा एचबीए१सी, कमी हिमोग्लोबिन, किडनीवर ताण, आणि पूर्ण भूल देऊन तीन-चार तास पालथं झोपवणं. भूलतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं, जोखीम फार आहे.

उरला तो दुर्बिणीचा मार्ग: जागेवरची भूल देऊन, बाजूने सुमारे आठ मिलिमीटरच्या छिद्रातून गादीपर्यंत जायचं, पू आणि सडलेला भाग काढायचा, भरपूर सलाइनने धुवायचं, ड्रेन (उरलेला पू बाहेर आणणारी नळी) ठेवून बाहेर यायचं. स्क्रू आताच बसवायचे का, हा त्याच्याच पोटातला प्रश्न. छोट्या छिद्रांतून स्क्रू बसवता येतात, पण त्यासाठी बहुधा पूर्ण भूल लागते आणि वाहत्या पुवाच्या शेजारी धातू ठेवावा लागतो. टायटॅनियमच्या स्क्रूंनी संसर्ग हटत नाही असं आता मानलं जात नाही, मणका अस्थिर असेल तर ते ठेवावेच लागतात. आप्पांचा मणका मात्र अजून टिकून होता. म्हणून ठरलं, स्क्रू आत्ता नाहीत.

घरच्यांशी बोलायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा होता. थोरल्या भावांचं म्हणणं, "मुंबईलाच नेऊ." मुलाला भीती, मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. गावातल्या कुणाचं तरी तसं झालं होतं. मी एमआरआयची फिल्म खिडकीला लावून मुलाला पू दाखवला, नस दाखवली, आणि दोन गोष्टी कागदावर लिहून दिल्या. पहिली, या मार्गाने सगळा पू निघेलच असं नाही, आणि नंतर मोठं ऑपरेशन लागू शकतं. दुसरी, मुंबईला जायचं असेल तर आजच रात्री निघा, अ‍ॅम्ब्युलन्स आणि सगळे रिपोर्ट देतो, पण उद्या-परवा करत थांबू नका. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आप्पाच म्हणाले, इथेच करा.

ऑपरेशन

दुसऱ्या दिवशी सकाळी. आप्पा पालथे, छाती आणि कमरेखाली उशा, म्हणजे पोट मोकळं राहतं. हलकी झोपेची औषधं, बाकी जागेवरची भूल. ते आमच्याशी बोलत होते. हृदय कमजोर असलेल्या माणसासाठी हा मोठा फायदा आहेच, त्याशिवाय नसेला धक्का लागला तर यंत्राच्या आधी रुग्णच सांगतो.

औषधाच्या आधीची तयारी मला ऑपरेशनइतकीच महत्त्वाची वाटते. ट्रॉलीवर नेहमीप्रमाणे फॉर्मॅलिनच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. सिस्टरने त्यातली एकच ठेवली, तिच्यावर लाल पट्टी चिकटवली आणि बाकीच्या खोलीबाहेर नेल्या. फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या तुकड्यातला जंतू मरतो. तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला चालतो, कल्चरला चालत नाही. एवढ्याशा गफलतीने कल्चर वाया जातं आणि पुन्हा सुई घालावी लागते. बाकीच्या बाटल्या कोऱ्या, निर्जंतुक, आणि त्यांच्यावर नावं आधीच लिहिलेली: साधं कल्चर, ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंचं कल्चर, टीबीचं कल्चर, सीबीनॅट, बुरशी.

सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) पाहत डाव्या बाजूने, मध्यरेषेपासून सुमारे अकरा सेंटिमीटरवरून सुई गेली. गादीत शिरण्याची सुरक्षित जागा म्हणजे बाहेर पडणारी नस, खालचा मणका आणि खाली उतरणाऱ्या नसेची कड यांच्यामधला छोटा त्रिकोण. पार्विझ काम्बिन या शल्यविशारदाच्या नावाने तो ओळखला जातो. सुई गादीत पोहोचताच सिरिंज ओढली आणि दोन मिलिलिटर पिवळसर, घट्ट पू आला. सलाइनचा एक थेंबही आत जाण्याआधी हा नमुना घेतला, कारण धुतल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू विरळ होतात. मग भूलतज्ज्ञांना खूण केली आणि तेव्हा पहिलं अँटिबायोटिक शिरेतून गेलं.

सुईवरून नळी, नळीतून दुर्बीण. पडद्यावर गादीच्या जागी राखाडी-पांढरा, ओल्या कापसासारखा लगदा होता. चिमट्याने तो तुकड्यातुकड्याने काढला, मणक्यांच्या कडा हलक्या हाताने खरवडल्या, सलाइन सतत चालू. एकदा आप्पांनी पायात करंट गेल्याचं सांगितलं. नळी थोडी मागे घेऊन खाली वळवली. गादीच्या मागच्या पापुद्र्याला छिद्र झालं तेव्हा पलीकडून पुवाची धार आली, आणि काही मिनिटांनी आप्पा आपणहून म्हणाले, पाय हलका वाटतोय. अंगठा वर करायला सांगितलं. पूर्ण नाही, पण रात्रीपेक्षा वर आला.

सगळं मिळून तासाभराच्या थोडं वर. रक्तस्राव नगण्य. त्याच छिद्रातून ड्रेन ठेवला, तो पाचव्या दिवशी काढला.

बाहेर ४४ अंश तापमान होतं. नमुने प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत गाडीत तापत राहू नयेत म्हणून मुलगा ते घेऊन एसी गाडीतून थेट गेला. उन्हाळ्यात हे आम्ही नातेवाइकांना बजावून सांगतो, कारण बंद गाडीतली बाटली तासाभरात निकामी होऊ शकते.

जंतू हाती आल्यावर

त्याच संध्याकाळी ग्रॅम स्टेनमध्ये (नमुन्याला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) घोसाने राहणारे गोल जंतू दिसले. दोन दिवसांत नाव मिळालं: स्टॅफिलोकोकस ऑरियस, मेथिसिलिनला दाद देणारा, म्हणजे साध्या अँटिबायोटिकनेही मरणारा. सीबीनॅट निगेटिव्ह, तुकड्यात टीबीच्या गाठी नाहीत. फेब्रुवारीतल्या गळवातून तो रक्तात गेला आणि मणक्यात घर करून बसला, हे जवळजवळ नक्की. तोवर आम्ही व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्ट्रायाक्सोन देत होतो. व्हॅन्कोमायसिन लगेच बंद केलं, कारण आप्पांच्या किडनीला ते झेपणारं नव्हतं आणि या जंतूवर साधं सेफाझोलिनच जास्त चांगलं. जंतूचं नाव कळण्याचा फायदा असा प्रत्यक्ष असतो: औषध सौम्य होतं, स्वस्त होतं आणि अधिक नेमकं होतं. हृदयाच्या झडपांवर जंतू बसलेले नाहीत ना, यासाठी इको केला. तो स्वच्छ होता.

उपचार किती आठवडे? फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या चाचणीने दाखवलं की पू करणाऱ्या जंतूंच्या मणक्याच्या संसर्गात सहा आठवड्यांचं औषध बारा आठवड्यांपेक्षा कमी पडत नाही. पण बाजूच्या स्नायूत न काढलेला पू असेल, एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस) असेल किंवा किडनी निकामी असेल तर आजार उलटण्याचा धोका जास्त. आप्पांच्या सोआसमध्ये कप्पे उरले होते. आम्ही आठ आठवडे ठरवले.

इथे गावाचा भूगोल आडवा आला. सेफाझोलिन दिवसातून तीनदा द्यावं लागतं. दोन आठवडे ते वॉर्डात दिलं. पुढे सहा आठवडे जळगावात राहणं घराला परवडणारं नव्हतं आणि पावसाळा तोंडावर होता. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दिवसातून एकदा इंजेक्शन मिळू शकत होतं. सेफ्ट्रायाक्सोन दिवसातून एकदा पुरतं, आणि या जंतूच्या मणक्याच्या संसर्गासाठी ते वर उल्लेखलेल्या मार्गदर्शनात मान्य पर्यायांमध्ये आहे. त्यावर नेलं. कागदावरचं सर्वोत्तम औषध रोज चुकण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत आहे. इन्शुलिन मात्र वादाचं ठरलं. 'एकदा लागलं की सुटत नाही' ही भीती घरात घट्ट होती. आप्पांच्या सुनेने ग्लुकोमीटर शिकून घेतला आणि वहीत रोज आकडे लिहायला सुरुवात केली, तेव्हा तो वाद मिटला.

निष्पत्ती

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुखणं दहापैकी नऊवरून चारवर आलं. गादीतला दाब मोकळा झाला की हा आराम लवकर मिळतो, संसर्ग मात्र नंतर सावकाश हटतो. तिसऱ्या दिवशी पट्टा लावून आप्पा उभे राहिले. सीआरपी आठवड्यात ६२, चार आठवड्यांत ११, आठव्या आठवड्यात सामान्य. ईएसआर त्याच्या सवयीप्रमाणे मागे रेंगाळला. अंगठ्याची ताकद दीड महिन्यात पूर्ण परतली. डाव्या मांडीच्या पुढे आणि नडगीवर जळजळ काही आठवडे राहिली. नळीच्या वाटेत चौथ्या मणक्याची नस असते, तिला जराशी इजा झाली की हे होतं, आणि ते आधीच सांगितलेलं होतं.

सगळंच सरळ गेलं नाही. सहाव्या आठवड्यात बसल्यावर पुन्हा दुखायला लागलं. उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये गादीची जागा जवळजवळ संपली होती आणि चौथा मणका पाचव्यावर थोडा बसला होता. एमआरआय परत केला. सुजेमुळे दिसणारी मणक्यांतली चमक तशीच होती, स्नायूतला पू गेला होता. ही चमक कित्येक महिने राहते, आणि रुग्ण सुधारत असताना एमआरआय वाईट दिसणं नेहमीचं आहे. म्हणून मी सुधारणाऱ्या रुग्णाचा एमआरआय उगाच परत करत नाही. आप्पांचा केला, कारण दुखणं नवीन होतं.

आता स्क्रू बसवायचे का? ताप नाही, सीआरपी उतरता, कमजोरी नाही. आम्ही ठरवलं की पट्टा आणखी दीड महिना, दर तीन आठवड्यांनी उभं राहून एक्स-रे, आणि मणका आणखी खचला किंवा तिसऱ्या महिन्यातही बसणं जमलं नाही तर छोट्या छिद्रांतून स्क्रू. तिसऱ्या महिन्यात दुखणं दोनवर आलं. आठव्या महिन्याच्या सीटीत दोन मणके हाडाने जोडले गेलेले दिसले. कमरेचा नैसर्गिक बाक थोडा सपाट झाला आहे. आप्पा शेतात चालत जातात, बैलगाडीत बसत नाहीत, घड उचलत नाहीत. एचबीए१सी ७.४.

काय वेगळं करता येईल

सगळ्यांत मोठी संधी आमच्याकडे येण्याआधीची होती. मधुमेह, नुकतंच झालेलं गळू, आणि आडवं झाल्यावरही न थांबणारी कंबरदुखी. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की ईएसआर आणि सीआरपी करायला तालुक्याच्या ठिकाणी थोडेसेच पैसे लागतात. त्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झाल्या असत्या तर बहुधा ऑपरेशनच लागलं नसतं. वयस्क शेतकऱ्याला 'वय झालं, कंबर दुखणारच' असं सांगून परत पाठवलं जातं तेव्हा मला फार वाईट वाटतं. आप्पांना ते चार ठिकाणी ऐकावं लागलं.

सुईची बायोप्सी टाळून थेट दुर्बिणीने गेलो असतो तर दोन दिवस वाचले असते. आता माझं मत असं झालं आहे: फक्त हाड-गादीत सूज असेल, पू साचलेला नसेल, तर आधी सुई. पू साचलेला आहे, तो काढावाच लागणार आहे आणि आधी अँटिबायोटिक्स होऊन गेली आहेत, तर दुर्बिणीनेच जावं. तीत तुकडे मोठे मिळतात, जंतू सापडण्याची शक्यता वाढते आणि उपचारही त्याच वेळी होतो.

अँटिबायोटिक थांबवून ठेवण्याबद्दल आमच्या फिजिशियनचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांच्या मते पिशवीला टेकलेला पू दिसला की वाट पाहण्याची मुभा संपते. मी म्हणतो, दर चार तासांनी तपासणी खरोखर होत असेल आणि ऑपरेशनची टीम रात्री उपलब्ध असेल तर थांबता येतं. जिथे हे दोन्ही नाही, तिथे रक्ताचं कल्चर घेऊन औषध लगेच चालू करावं. तालुक्याच्या बहुतेक रुग्णालयांत हाच दुसरा मार्ग योग्य.

उभं राहून काढायचा एक्स-रे घरी सोडण्याआधीच काढायला हवा. आधीचा फोटो हाताशी असला की सहाव्या आठवड्यात मणका किती बसला हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. आप्पा उभे राहू लागल्यावर हे सहज शक्य होतं.

तालुक्याच्या रुग्णालयासाठी आता आम्ही वेगळं पत्र देतो, डिस्चार्ज कार्डापेक्षा छोटं आणि मराठीत. त्यात जंतूचं नाव, इंजेक्शनचा डोस आणि शेवटची तारीख असते. दर आठवड्याला सीआरपी, क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या करायच्या, हे असतं. आणि खाली जाड अक्षरात लिहिलेलं असतं की नवा ताप, पायात नवी कमजोरी किंवा लघवी अडकणं यांपैकी काहीही झालं तर अँटिबायोटिक बदलू नका, आधी आम्हाला फोन करा आणि रुग्णाला त्याच दिवशी पाठवा.